सुपरहिरो सिरीज: फॅन्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि एका जुन्या फॅनची उत्तरं

सुपरहिरो सिरीज बघणाऱ्या दोघांची मतं तंतोतंत जुळली, तर त्यातल्या एकाने शेवटचा भाग अजून बघितलेला नाही असं खुशाल समजावं. तेव्हा खालची उत्तरं तटस्थ असतील अशी अपेक्षा ठेवू नका. बाकी फॅन्स काय म्हणतात तेही सांगतो आणि मला काय वाटतं तेही. कथानक फुटणार असेल तिथे आधी बजावलं आहे.

सिनेमे असताना सिरीज कशाला बघायच्या?

सिनेमाला अडीच तासांत जग वाचवायचं असतं, माणसाकडे बघायला त्याला सवड नसते. सिरीजला ती असते. 'डेअरडेव्हिल'च्या पहिल्या सीझनचा (२०१५) दुसरा भाग आठवा. पळवून नेलेल्या एका पोराला सोडवायला मॅट मर्डॉक, म्हणजे डेअरडेव्हिल, एका अरुंद बोळकांडीत शिरतो. आधीच जखमी आहे, धड उभंही राहवत नाही. कॅमेरा कट घेतल्याचं न जाणवू देता त्या बोळातच मागेपुढे सरकत राहतो. अर्धी मारामारी खोल्यांच्या आत होते, आपल्याला फक्त आवाज येतात. आणि मॅट दमतो. भिंतीला टेकून धापा टाकतो. ठोसा मारताना त्याचा स्वतःचाच तोल जातो. आडवे झालेले गुंड पुन्हा उठून अंगावर येतात. सुपरहिरोला दम लागतो हे इतकं निवांत दाखवायला मोठ्या पडद्याला वेळ कुठला?

दुसरं उदाहरण 'सुपरमॅन अँड लोइस'चं. तिसऱ्या सीझनमध्ये (२०२३) लोइसला स्तनाचा कर्करोग होतो. डोंगर उचलणाऱ्या नवऱ्याची ताकद तिथे शून्य कामाची. त्याने फक्त सोबत राहायचं. हे दुखणं एका भागात उरकलेलं नाही, ते सीझनभर चालतं, आणि म्हणूनच पोचतं.

माझा हिशेब एवढाच आहे. सिरीजने हाताशी असलेला वेळ माणसांवर खर्च केला की ती जमते. तोच वेळ पुढच्या सिनेमाची जाहिरात करण्यात घालवला की फसते. खालची बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

एक सिरीज बघायची तर आधीचं सगळं बघावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. फॅन्स उगाच घाबरवतात. 'द बॉइज', 'इन्व्हिन्सिबल' आणि 'वॉचमन' (२०१९) यांना कुठल्याही सिनेमाचा गृहपाठ लागत नाही. 'वॉचमन' मूळ कॉमिकच्या पुढची गोष्ट सांगते, पण कोऱ्या पाटीनेही समजते, जरा धीर धरावा लागतो इतकंच. 'मून नाइट' (२०२२) बिनधास्त थेट लावा. 'द पेंग्विन' (२०२४) ही २०२२ च्या बॅटमन सिनेमानंतरची गोष्ट असली तरी सिनेमा न बघता कळते.

गृहपाठ लागतो तो 'लोकी'ला. त्याची सुरुवातच २०१९ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मधल्या एका गोंधळातून होते. 'वाँडाव्हिजन'मागेही वाँडा आणि व्हिजन या जोडप्याचा सिनेमांतला जुना इतिहास आहे.

'डेअरडेव्हिल'चा क्रम सारखा विचारला जातो, म्हणून एकदाच लिहितो: पहिले दोन सीझन, मग 'द डिफेंडर्स' (२०१७), मग तिसरा सीझन आणि त्यानंतर 'बॉर्न अगेन', म्हणजे २०२५ मध्ये परतलेली तीच सिरीज. 'जेसिका जोन्स'चा पहिला सीझन मध्ये घेतलात तर पस्तावणार नाही. 'आयर्न फिस्ट' राहून गेली तरी काही बिघडत नाही. यावर मला शिव्या पडतात, पडोत.

'पीसमेकर'चं प्रकरण गमतीचं आहे. पहिला सीझन (२०२२) एका विश्वात, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सिनेमा-सिरीजच्या एका जगात, घडला आणि दुसरा (२०२५) येईपर्यंत कंपनीने ते विश्वच बदललं. पहिल्याच्या शेवटी जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टोळीतली मंडळी सावलीत उभी दिसली होती. दुसऱ्याच्या सुरुवातीच्या उजळणीत त्यांच्या जागी सरळ दुसरी टोळी उभी केली आहे, जणू काही झालंच नाही. काही फॅन्स चिडले. मला तो निर्लज्जपणा फार आवडला. आता क्रम असा: पहिला सीझन, 'क्रीचर कमांडोज', २०२५ चा 'सुपरमॅन' सिनेमा, मग दुसरा सीझन.

सीझन इतके छोटे का झाले? पूर्वी बावीस-तेवीस भाग असायचे.

'अ‍ॅरो' (२०१२ ते २०२०) किंवा 'द फ्लॅश' (२०१४ ते २०२३) चॅनलवर चालायच्या. चॅनलला ऑक्टोबर ते मे एवढे आठवडे भरून काढायचे असत, जाहिराती त्यावरच. स्ट्रीमिंगवाल्यांना ती गरज नाही. शिवाय पडद्यावर सिनेमाच्या तोडीचं दिसायला हवं म्हटल्यावर एकेका भागाचा खर्च वाढतो. म्हणून 'लोकी', 'हॉकआय', 'मिस मार्व्हल' या सगळ्यांचे सीझन सहा-सहा भागांचे.

इथे फॅन्सनी स्वतःचं हसं करून घेतलं आहे, मीही त्यात आलो. दहा वर्षांपूर्वी आपण 'फिलर' भागांच्या नावाने बोटं मोडत होतो: या आठवड्यात पुन्हा कुणीतरी फुटकळ खलनायक, मूळ गोष्ट जागेवरच. आता सहा भागांत सगळं उरकतं, तेव्हा तेच भाग आठवतात. २०१७ मध्ये 'द फ्लॅश'चा एक भाग चक्क गाण्यांचा होता. ग्रँट गस्टिन आणि 'सुपरगर्ल'ची मेलिसा बेनॉइस्ट दोघंही आधी 'ग्ली' या संगीतमय मालिकेत होते, त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मुख्य कथेला त्याची काडीची गरज नव्हती. पण बॅरी (फ्लॅश) आणि कारा (सुपरगर्ल) यांची मैत्री मला कळली ती त्या भागात. 'अ‍ॅरो'च्या गुहेत निरर्थक बसून गप्पा मारणाऱ्या माणसांशी आपलं जे नातं जुळलं, ते त्या पसाऱ्यामुळेच.

आणि छोट्या सीझनांमधलं अंतर? 'पीसमेकर'च्या दोन सीझनांमध्ये साडेतीन वर्षं. 'इन्व्हिन्सिबल'चा पहिला मार्च २०२१ मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२३ मध्ये. आठ भागांसाठी एवढं थांबायचं म्हणजे मागचं विसरायला पुरेपूर मुदत.

आठवड्याला एक भाग बरा की सगळे एकदम?

'द बॉइज'चा पहिला सीझन (२०१९) एकदम आला. दुसऱ्याचे आधी तीन भाग आले आणि मग दर आठवड्याला एक. फॅन्स एवढे खवळले की सिरीज चांगली असूनही रागाने एक-एक तारा देत सुटले. नुसतं वेळापत्रक आवडलं नाही म्हणून!

मी आठवड्याच्या बाजूचा. पण त्याचा तोटाही सांगतो. (पुढच्या परिच्छेदात 'वाँडाव्हिजन' फुटणार आहे.)

२०२१ च्या सुरुवातीला 'वाँडाव्हिजन' दर शुक्रवारी यायची आणि दोन शुक्रवारांच्या मधे आम्ही सगळे गुप्तहेर व्हायचो. पडद्यावर माशी दिसली की म्हणे मेफिस्टो, म्हणजे कॉमिकमधला सैतान, येणार. पडद्याचा रंग बदलला, मेफिस्टो. पाचव्या भागाच्या शेवटी दारात वाँडाचा मेलेला भाऊ पिएत्रो उभा, आणि तो साकारलाय एव्हन पीटर्सने, जो एक्स-मेन सिनेमांत तीच भूमिका करायचा. आता दोन विश्वं एकत्र येणार यावर लोक शपथा घ्यायला तयार होते. निघाला तो राल्फ नावाचा एक साधा गावकरी. मेफिस्टो तर आलाच नाही. शेवटच्या भागानंतर कित्येकांनी सिरीजला फसवी म्हटलं. वास्तविक तिने कुणालाही काही कबूल केलं नव्हतं, हवेतले इमले आमचे होते. ती सांगत होती ती शोकाची गोष्ट: नवरा गेलेल्या बाईने जुन्या कौटुंबिक मालिकांच्या आत लपून बसण्याची. पुन्हा बघताना ती जास्त चांगली वाटते, कारण आता कुणाची वाट बघायची नसते.

दोन भाग बघितले, कंटाळा आला. सोडून देऊ?

शितावरून भाताची परीक्षा इथे दर वेळी लागू पडत नाही. 'एजंट्स ऑफ शील्ड' सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली आणि सात-आठ भाग बघून मी सोडली. तेव्हा सगळेच सोडत होते. मागाहून कारण कळलं. त्यांच्या गोष्टीतलं मोठं वळण एप्रिल २०१४ मध्ये येणाऱ्या कॅप्टन अमेरिकाच्या सिनेमात दडलं होतं. तो येईपर्यंत त्यांना काही बोलता येत नव्हतं, म्हणून सोळा भाग त्यांनी पाणी घालून काढले. सिनेमा लागला त्याच आठवड्यात, सतराव्या भागात, सिरीज अशी उलटीपालटी झाली की विचारू नका. पुढे ती सात सीझन चालली. मी दोन वर्षांनी परतलो आणि ज्यांनी मला 'थांब जरा' म्हटलं होतं त्यांची माफी मागितली.

पण आता भागच सहा असतात. त्यात दोन कंटाळवाणे गेले म्हणजे एक तृतीयांश सिरीज गेली. तेव्हा जुन्या सिरीजला आठ-दहा भागांची सूट द्या, नव्यांना दोनच.

रेटिंगवर कितपत विश्वास ठेवावा?

पहिल्या आठवड्यातल्या रेटिंगवर अजिबात नाही. 'मिस मार्व्हल' (२०२२) आली तेव्हा तिच्यावर पहिल्या दिवसापासून एक ताऱ्याचा मारा झाला. बघून नावडली म्हणणारे वेगळे आणि एक मुस्लिम मुलगी नायिका आहे एवढ्यावरच बिथरलेले वेगळे, पण सरासरीत दोघं एकाच पोत्यात जातात. इमान वेल्लानीने ती कमला खान काय झकास केली आहे! फाळणीच्या वेळच्या रेल्वे स्टेशनावरचा प्रसंग सुपरहिरो सिरीजमध्ये बघायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खलनायक मात्र कच्चे आहेत, शेवटही घाईचा. हे दोन्ही खरं असू शकतं, आणि नेमकं तेच आकड्यात मावत नाही.

'शी-हल्क' या सिरीजच्या लेखकांनी तर आपल्यावर कसल्या कॉमेंट येणार हे आधीच ओळखून तिसऱ्या भागात तसल्या कॉमेंट दाखवून टाकल्या. बाहेर तशाच येत होत्या.

सिरीज कॉमिकशी प्रामाणिक असावी का?

सावध फॅन 'आत्म्याशी प्रामाणिक असावी' असं म्हणून निसटतो. मी सरळ सांगतो: नसली तरी चालेल. क्रिप्टोनाइट हा सुपरमॅनचा जीवघेणा दगड कॉमिकमध्ये नंतर आला, १९४३ मध्ये तो आधी रेडिओच्या श्रुतिकेत ऐकू आला होता. हार्ले क्विन १९९२ च्या बॅटमन कार्टून मालिकेत जोकरची साथीदार म्हणून जन्मली आणि लोकांना एवढी आवडली की कॉमिकला तिला घ्यावंच लागलं. 'अ‍ॅरो'तला डिगल सिरीजसाठीच घडवलेला, मग तोही कॉमिकमध्ये गेला. मूळ कॉमिक ही काही पोथी नव्हे.

उलट 'स्मॉलव्हिल'ने (२००१ ते २०११) नियमच घालून घेतला होता की पोशाख नाही आणि उड्डाणही नाही. सुपरमॅनची गोष्ट, तीही उडण्याशिवाय, दहा सीझन! चालली की नाही?

अ‍ॅनिमेटेड आहे म्हणजे लहान मुलांना दाखवायला हरकत नाही ना?

'इन्व्हिन्सिबल'च्या पहिल्या भागाची शेवटची काही मिनिटं आधी एकट्याने बघा. मग हा प्रश्न उरणार नाही. 'क्रीचर कमांडोज'ही मोठ्यांसाठीच आहे. 'एक्स-मेन ९७' त्या मानाने सौम्य असली तरी पाचवा भाग मोठ्यांनाही रडवतो.

बंद पडलेली सिरीज फॅन्सच्या मोहिमेमुळे परत येते का?

कधीमधी. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये 'डेअरडेव्हिल' बंद केली तेव्हा फॅन्सनी हॅशटॅग, सह्या, पत्रं सगळं केलं आणि वर्षानुवर्षं रेटलं. २०२१ च्या स्पायडरमॅन सिनेमात मॅट साकारणारा चार्ली कॉक्स काही मिनिटांसाठी वकील म्हणून आला तेव्हा थिएटरं दणाणली, आणि २०२५ मध्ये सिरीजच परतली. 'यंग जस्टिस' २०१३ मध्ये संपली होती, तिचा तिसरा सीझन २०१९ मध्ये आला. उलट 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो' २०२२ मध्ये सगळी टोळी अटकेत असताना बंद पडली, ती तशीच अडकून आहे.

मोहिमेने दार उघडत नाही असं माझं मत. कंपनी आतून कडी काढायच्या विचारात असेल, तर बाहेर गर्दी उभी आहे एवढं तिला कळतं.

'बॉर्न अगेन' जुन्या 'डेअरडेव्हिल'सारखी आहे का?

अर्धीमुर्धी, आणि त्याला कारण आहे. २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला, कलाकारांचा ११८ दिवस. चित्रीकरण मध्येच थांबलं. त्या काळात झालेलं काम बघून स्टुडिओने लेखकांची फळी बदलली, मॅटचे जुने सोबती फॉगी आणि कॅरेन यांना परत आणलं, नवा पहिला भाग आणि शेवटचे दोन भाग रचले. मधले भाग बरेचसे जुन्या आराखड्यातले. जोड दिसतो. फॅन्सचं सगळ्यात मोठं भांडण बँक दरोड्याच्या पाचव्या भागावर: मॅट बँकेत कर्ज मागायला जातो आणि समोर बसलेला असतो मोहन कपूर, म्हणजे कमला खानचा बाबा. 'याचा मुख्य गोष्टीशी काय संबंध?' असं बहुतेकांचं म्हणणं. मला तो सीझनमधला सगळ्यात हलकाफुलका, सगळ्यात नेटका भाग वाटतो. वर फिलरबद्दल रडलो आहेच, तेव्हा आता तक्रार कुठल्या तोंडाने करू? किंगपिन या मुख्य खलनायकाच्या भूमिकेतल्या व्हिन्सेंट डीओनोफ्रिओबद्दल मात्र दुमत नाही.

कलाकार बदलला की सिरीज संपते का?

'बॅटवुमन'ची नायिका पहिल्याच सीझननंतर बाहेर पडली. तेव्हा भूमिका दुसरीला देण्याऐवजी त्यांनी नवं पात्रच आणलं, फॅन्स त्यावर आजही दुभंगलेले आहेत. 'जेन व्ही'मधला चान्स पर्डोमो मार्च २०२४ मध्ये अपघातात गेला. त्याची भूमिका दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं ठरवून दुसऱ्या सीझनची गोष्टच बदलली. याबद्दल कुणी तक्रार केलेली मी वाचली नाही.

लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय का?

सुपरहिरोंचा नाही, हप्त्यांचा आलाय. खुद्द मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२४ मध्ये सांगितलं की मार्व्हलच्या वर्षाला चारच्या आसपास होणाऱ्या सिरीज दोनवर आणायच्या. त्याच वर्षी 'द पेंग्विन' आली. त्यात बॅटमन नाहीच. शेवटी आकाशात त्याची खूण तेवढी दिसते. कॉलिन फॅरेल मेकअपखाली ओळखू येत नाही, आणि चौथा भाग जवळजवळ पूर्ण सोफिया फाल्कोनला देऊन टाकलाय, ती वेड्यांच्या तुरुंगात कशी पोचली आणि तिथे तिचं काय झालं. सोफिया साकारणाऱ्या क्रिस्टिन मिलिओटीला त्या भूमिकेसाठी एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. कंटाळलेले लोक तेव्हा कुठे गेले होते?

याउलट ज्या सिरीजमध्ये दर भागात कुणीतरी पाहुणा डोकावून जातो तिथे नाकापेक्षा मोती जड होतो. टाळ्या पडतात, आठवत काही नाही.

२०२६ साठी जाहीर झालेल्यांपैकी फॅन्सच्या नजरा कशावर आहेत?

सगळ्यात जास्त वाद 'लँटर्न्स'वर, म्हणजे ग्रीन लँटर्न या अवकाशातल्या हिरव्या पोशाखाच्या सुपरहिरोंवर. काइल चँडलर म्हातारा होत चाललेला हॅल जॉर्डन, एरन पिअर नवशिका जॉन स्ट्युअर्ट, आणि गोष्ट पृथ्वीवरच्या एका खुनाच्या तपासाची. पहिला फोटो आला तर दोघं साध्या कपड्यांत, हिरव्या पोशाखाचा पत्ता नाही. अवकाश बघायला बसलेले लगेच नाराज. मला मात्र गाडीतून फिरणारे दोन न पटणारे सहकारी ही कल्पना आठ भागांना अगदी बेतशीर वाटते.

'स्पायडर-नॉयर'मध्ये निकोलस केज १९३० च्या दशकातला थकलेला गुप्तहेर आहे. ती कृष्णधवल आणि रंगीत अशा दोन्ही रूपांत ठेवायची ठरली आहे. कुठली बघायची यावर आताच गट पडलेत. कृष्णधवल, अर्थात.

'व्हिजनक्वेस्ट'मध्ये पॉल बेटनी आहेच, शिवाय जेम्स स्पेडर अल्ट्रॉन या यंत्रमानव खलनायकाच्या भूमिकेत परततोय. 'वाँडाव्हिजन'चा अनुभव ध्यानात ठेवून या वेळी मी एकही तर्क लढवणार नाही. (लढवणार.)

'बॉर्न अगेन'च्या दुसऱ्या सीझनमध्ये क्रिस्टन रिटर जेसिका जोन्स म्हणून, आणि 'द बॉइज'चा पाचवा सीझन शेवटचा म्हणून जाहीर. 'द बॉइज'बद्दल फॅन्सचा एकच घोष आहे: खलनायक होमलँडर आणि त्याच्या मागे लागलेला बुचर यांचं एकदाचं काय ते होऊ दे. भिजत घोंगडं पुरे झालं.

डब बघावं की सबटायटल?

कार्टूनला डब चालतं. माणसांच्या सिरीजला सबटायटल, कारण किंगपिनचे अडखळणारे विराम डबमध्ये हमखास भरून काढतात.

स्पॉयलर किती दिवसांनी बोलायला मोकळे?

आठवड्याच्या सिरीजला पुढचा भाग येईपर्यंत कळ काढा. मृत्यूंबद्दल महिनाभर तरी गप्प.

एकच सिरीज सुचवायची असेल तर?

'वॉचमन'. नऊ भाग. सुरुवातच १९२१ च्या टल्सातल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाने होते आणि मुखवटा माणूस का घालतो याचं उत्तर सहाव्या भागात असं मिळतं की आधीचं सगळं पुन्हा लावून बघावंसं वाटतं. अकरा एमी मिळाले, तरी सिरीजचा कर्ता डेमन लिंडलॉफने दुसरा सीझन करायला नकार दिला. फॅन्स अजून हळहळतात. मी नाही.

इंट्रो स्किप करतो, काही बिघडतं का?

बाकीच्यांचा करा. 'पीसमेकर'चा नाही. सगळी पात्रं, अगदी मेलेलीसुद्धा, मख्ख चेहऱ्याने एका रांगेत हातपाय झटकत नाचतात आणि शेवटी गरुड येऊन बसतो. दुसऱ्या सीझनला नवं गाणं आणि नवा नाच आहे. जुना बरा की नवा, यावर आमच्यात सध्या बोलणं बंद आहे.